चार बाजूंच्या सह्या

सोजराबाई : पाटी? माह्या दारावर पाटी लावाची? अन् तिच्यावर लिवू काय, बाबू? "या, बसा, तुमचीच वाट पाहून राह्यलो"?

नारायणराव : बाई, हे माझ्या मनचं नाही. नगरपालिकेचे नवे पोटनियम आहेत, एक एप्रिलपासून लागू. नियम पाचवा. राहत्या घरात धंदा करणाऱ्याने दर्शनी भागी पाटी लावावी. तीवर मालकाचे नाव, मालाचा प्रकार आणि परवाना क्रमांक.

सोजराबाई : मालाचा प्रकार! बांबू, कामट्या, मडकं, सुतळी, पांढरं कापड, गुलाल. लिवा ना. अन् रस्त्यानं जानारी पोटुशी बाई पाटी वाचून तिथंच चक्कर येऊन पडली त तिले उचलाले तुमचा मुख्याधिकारी येईन का?

नारायणराव : तसं नाही लिहायचं. "अंत्यविधी साहित्य" असं लिहितो मी. सभ्य शब्द आहे.

सोजराबाई : सभ्य! मेल्यावर मानूस सभ्यच होते, बाबू. जितेपनी होत नाई, घोळ तिथंच हाय.

नारायणराव : हे बघा, मी बुलढाण्याहून इथे येऊन दोन महिने झाले. कोणाशी माझं वाकडं नाही. आज शुक्रवार. सोमवारी आमची गाडी निघणार. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचा माल उचलून कोंडवाड्यात जमा. एकदा जमा झाला की तो धंदा त्या घरात पुन्हा सुरू करता येत नाही. तुम्ही एकट्या, वय झालेलं, कचेरीत चकरा नकोत म्हणून मी स्वतः अर्ज घेऊन घरी आलो.

सोजराबाई : लय उपकार झाले. पन गाडी कायले पाह्यजे? कोंडवाडा माह्या मागच्या भितीले लागूनच हाय. भितीवरून फेका, पैसे वाचतीन सरकारचे.

नारायणराव : नियम सहावा. धंद्याची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ.

सोजराबाई : अन् सव्वाआठाले कोनाचा जीव गेला त?

नारायणराव : मग… मग सकाळी.

सोजराबाई : वा! त्यापेक्षा यमालेच नोटीस बजावा ना. त्याचा रेडा धरून कोंडवाड्यात घाला. मंग तो बरोब्बर आठाच्या आत येऊन जाईन.

नारायणराव : साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी घेणार?

सोजराबाई : बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी लोकाईले मराले फुरसत नसते.

नारायणराव : थट्टा नका करू, बाई. मी शाईने लिहितोय. पुढचा रकाना. येत्या वर्षी अंदाजे किती गिऱ्हाईक अपेक्षित?

सोजराबाई : हे कोनी इचारलं? कोन्या मायच्या लेकानं बसून लिवलं हे?

नारायणराव : सगळ्या धंद्यांना एकच छापील अर्ज आहे. पापडवाल्या बाईला तोच, शिंप्याला तोच. रकाना कोरा ठेवला तर साहेब अर्ज परत पाठवतात.

सोजराबाई : मंग तुमचंबी धरून लिवा.

नारायणराव : बाई!

सोजराबाई : काऊन? आता गावात राहाले आले ना तुमी? सरकारी मानूस म्हून कोनी सुटत नसते.

नारायणराव : मी "सांगता येत नाही" असं लिहितो. मालाचा साठा? वर्षाच्या सुरुवातीला किती नग?

सोजराबाई : एक.

नारायणराव : वर्षाच्या अखेरीला?

सोजराबाई : एक.

नारायणराव : म्हणजे वर्षभरात काही विकलंच नाही?

सोजराबाई : इकलं ना. पन एक गेला का त्याच दिवशी दुसरा बांधून ठेवते. घरात दोन कधी ठेवत नाई मी. दोन ठेवले त दोन जातेत. हे तुमच्या नियमात नसीन, माह्या नियमात हाय.

नारायणराव : दरपत्रक भिंतीवर लावलंय?

सोजराबाई : या दारात कोनी भाव इचारत नाई अन् मी सांगत नाई. ज्याले जमते तो उंबऱ्यावर ठेवून जाते. कोनी त्याच दिवशी, कोनी दसवा झाल्यावर. कोनी ठेवतच नाई. मागे वळून पाहाची रीत नाई, म्हून मीबी आवाज देत नाई.

नारायणराव : भाव नाही, पाटी नाही, वेळ नाही. याला धंदा तरी म्हणायचं का, मला कळत नाही.

सोजराबाई : नका म्हनू. तीस वर्षं झाली, मीबी कधी म्हनलं नाई. तुमीच आले धंदा धंदा करत. पन एक ध्यानात ठेवा. आमच्या सासऱ्याची माती पडून राह्यली होती दिवसभर, काऊन का बांबूवाल्याची सुट्टी होती. तवा आमच्या घरच्यानं ठरवलं, या गावात एक तिरडी तयार पाह्यजे, कोनाचीबी असो. मंग कोनाच्या घरी ठेवाची? कोनी ठेवू देईना. म्हून आपल्या घरी ठेवली. नागपूरचं राज्य गेलं, मुंबईचं गेलं, आता महाराष्ट्राचं आलं. बांबू तोच हाय.

नारायणराव : नियम नववा. हा महत्त्वाचा. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती. उजव्या बाजूला कोण?

सोजराबाई : गफ्फार पिंजारी. घ्या त्याचा आंगठा, संमतीची दवंडी ऐकून कालच घेऊन ठेवला. म्हने, मावशी, माही गादी इकते अन् तुमचा बांबू इकते, दोघाईचं काम झोपवाचंच.

नारायणराव : डावीकडे?

सोजराबाई : बनाबाई. हा तिचा आंगठा. तिनं वाचून दाखवा म्हनलं, मी म्हनलं मलेच येत नाई त तुले काय वाचून दाखवू?

नारायणराव : मागच्या बाजूला?

सोजराबाई : सांगतलं ना, कोंडवाडा. त्याची संमती कोन देईन? आज आत तीन म्हशी अन् एक गाढव हाय. म्हशीचा आंगठा लागत नाई, खूर चालीन का?

नारायणराव : कोंडवाडा नगरपालिकेचा. म्हणजे नगरपालिकेची संमती लागेल.

सोजराबाई : तुमी कोन?

नारायणराव : नगरपालिकेचा कारकून.

सोजराबाई : मंग द्या.

नारायणराव : मला अधिकार नाही. तुम्ही नगरपालिकेकडे अर्ज करायचा, की नगरपालिकेने शेजारी या नात्याने नगरपालिकेला संमती द्यावी.

सोजराबाई : अरे देवा! तुमच्या कचेरीत जिते मानसं बसतेत का माहे गिऱ्हाईक?

नारायणराव : तो अर्ज मी करून देईन, तो निघेल. खरी अडचण समोरच्या बाजूची आहे. गुलाबराव. त्यांची संमती नाहीच, उलट लेखी तक्रार आहे.

सोजराबाई : वाचा. ऐकू द्या.

नारायणराव : "समोरील घराच्या ओट्यावर बांबू उभे असतात. सकाळी दार उघडताच तेच नजरेस पडते. घरात उपवर मुलगी आहे. दोन स्थळे आली ती परत गेली. सदर बाईस गावाबाहेर नाल्याकाठी हलवावे."

सोजराबाई : सदर बाई! लहानपनी याच ओट्यावर माह्या हातची भाकर खाऊन गेला तो. तवा सदर बाई नोती मी, सोजराकाकू होती.

(समोरच्या घरातून गुलाबराव उतरून ओट्याशी येतो.)

गुलाबराव : नमस्कार, बाबूसाहेब. मी पाहून राह्यलो होतो खिडकीतून. झालं का काम?

सोजराबाई : या, गुलाबशेठ. खिडकीतून कायले? ती त तुमी फळ्या ठोकून बुजवली. फटीतून पाहत असान.

गुलाबराव : काकू, मले भांडाचं नाई.

सोजराबाई : भांडाचं नसते तवा मानूस अर्ज करते.

गुलाबराव : परवा रविवारी मलकापूरचे पाव्हणे येऊन राह्यले पोरीले पाहाले. तिसरं स्थळ आहे. दारात बैलगाडीतून उतरतीन अन् समोर काय पाहतीन? तिरडीचे बांबू. तुमीच सांगा, काकू.

सोजराबाई : पहिल्याईले घड्याळ अन् सायकल पाह्यजे होती. दुसऱ्याईले सातवी पास पाह्यजे होती. बांबूले कायले नाव ठेवता? त्या बिचाऱ्यानं कोनाचं लगन मोडलं?

गुलाबराव : लोक म्हणत नाईत तोंडावर. पण मनात येतेच ना.

सोजराबाई : अन् तुमची सरकीची पोती अर्ध्या रस्त्यात रचून ठेवली, ती कोनाच्या मनात येत नाई? परवा गफ्फारची म्हातारी अडखळून पडली.

गुलाबराव : ते दुकान नाई, गोदाम आहे.

सोजराबाई : गोदामाले नियम नाई का, बाबू?

नारायणराव : ते… ते वेगळं प्रकरण आहे, बाई. त्याची फाईल वेगळी.

सोजराबाई : हाव. ज्याची मूठ मोठी त्याची फाईल येगळी. समजलं.

गुलाबराव : मुठीचं काई नाई, काकू.

सोजराबाई : बरं, मी सांगते. रविवारी सकाळीच बांबू आत घेते. मडकं चुलीमागं ठेवते. दार लावून घेते अन् दिवसभर ओट्यावर येत नाई. पाव्हन्याईले वाटीन घर कोनाचं तरी रिकामं हाय. झालं?

गुलाबराव : एका रविवारचं नाई.

सोजराबाई : मंग कायचं हाय?

गुलाबराव : रोजचं आहे. माही बायको समोरच्या दारानं बाहेर निघत नाई. मागच्या गल्लीतून पाणी आणते. खिडकी तिनंच बुजवाले लावली. मी सकाळी दुकानात जातो तं मान खाली घालून कुलूप लावतो अन् तसाच निघतो. किती वर्षं झाली, तुमाले माहीत आहे.

सोजराबाई : माहीत हाय.

नारायणराव : कशामुळे? बांबू तर सगळ्या गावानं पाहिलेत.

सोजराबाई : तुमी लिवा, बाबू. तुमाले रकाना भराचा हाय ना? तो भरा.

नारायणराव : धंदा सुरू करणाऱ्याचं नाव राहिलंय. तुमच्या मालकांचं नाव काय?

सोजराबाई : पुढचा रकाना घ्या.

नारायणराव : बाई, नाव?

गुलाबराव : ती घेणार नाई. मोतीराम लिहा. मोतीकाका.

नारायणराव : ठीक. आता ऐका दोघेही. समोरून संमती येत नाही असं दिसतंय. पण एक वाट आहे. नियम अकरावा. पोटनियम लागू होण्याच्या आधी दहा वर्षं तोच धंदा त्याच घरात चालू असेल, तर शेजाऱ्यांची संमती लागत नाही. जुना धंदा म्हणून कायमचा परवाना मिळतो.

सोजराबाई : मंग हे आधी काऊन नाई सांगतलं? तास झाला माह्याशी म्हशीच्या खुरापर्यंत बोलून राह्यले!

नारायणराव : क्रमाने जावं लागतं. नववा संपल्याशिवाय अकरावा येत नाही. पुरावा पाहिजे फक्त. दहा वर्षांपूर्वीच्या एका गिऱ्हाईकाचं नाव, कोणता माल नेला आणि कधी नेला. एकच. तीस वर्षांत एवढी माणसं गेली गावातली, एक नाव सांगा आणि मोकळ्या व्हा.

सोजराबाई : नाई.

नारायणराव : नाही म्हणजे? आठवत नाही?

सोजराबाई : सगळे आठवतेत. एकेक आठवते. कोन रडत आला, कोन मुका आला, कोनाच्या पायात जोडा नोता. पन या दारात गेलेल्याचं नाव घेत नाई.

नारायणराव : का?

सोजराबाई : इथं ज्या घराचं नाव घेतलं, त्या घरी यमाचं पुन्यांदा बोलावनं जाते. म्हून येनाराबी सांगत नाई अन् मीबी इचारत नाई. नुसतं म्हनाचं, "पाह्यजे." मी काढून देते.

नारायणराव : बाई, ही अंधश्रद्धा आहे. सरकारी कागदावर नाव लिहिल्यानं कोणी मरत नाही.

सोजराबाई : तुमची पोथी तुमी पाळा, माही मी पाळते. तुमी आठाले दार लावा म्हनता, त्याले कायदा म्हनाचं. मी नाव घेत नाई म्हनते, ती अंधश्रद्धा. छापखान्यातून निघालं का शहानपन, अन् म्हातारीच्या तोंडातून निघालं का खुळचटपना!

नारायणराव : तुम्ही नका घेऊ. दुसरा कोणी सांगेल, पण साक्षीदार याच गल्लीतला पाहिजे. गफ्फार?

सोजराबाई : तो सहा वर्षांखाली आला गल्लीत. बनाबाई चार वर्षांखाली.

नारायणराव : म्हणजे जुनं कोणीच नाही?

सोजराबाई : जुने सगळे गेले. मीच रवाना केले.

नारायणराव : गुलाबराव, तुम्ही तर जन्मापासून इथले. पण तुम्ही तक्रारदार. तुमच्याकडून ही अपेक्षा कशी करायची?

सोजराबाई : त्याले मधात ओढू नका. लिवा बाबू, पुरावा नाई. सोमवारी गाडी आना. माल घेऊन जा. फक्त तुमच्या मुख्याधिकाऱ्याले सांगा, मंगळवारी कोनी गेलं त तिरडी कोंडवाड्यात भेटीन म्हना, सकाळी आठ ते रात्री आठ. पावती घेऊन या म्हनावं.

नारायणराव : एवढ्या हट्टापायी तुमचं घर चालायचं बंद होईल. विचार करा.

सोजराबाई : केला. आता तुमचा चहा मांडू का? का चहाचाबी परवाना लागते?

नारायणराव : नको. मी "पुरावा नाही" लिहितो. इथे खाली अंगठा द्या.

गुलाबराव : थांबा.

नारायणराव : काय झालं?

गुलाबराव : काकू, तुमी सांगत काऊन नाई?

सोजराबाई : काय सांगू?

गुलाबराव : तुमच्यापाशी नाव आहे. मी समोर उभा आहे. बोट दाखवलं असतं तरी झालं असतं.

सोजराबाई : मले काई माहीत नाई. तू घरी जाय. पाव्हन्याईची तयारी कर. पोरीले पोहे चांगले कराले सांग.

गुलाबराव : मी तुमच्यावर अर्ज केला. तुमाले घराबाहेर काढाले निघालो. अन् तुमी माह्याच घराचं बोलावणं टाळून राह्यल्या?

सोजराबाई : तुह्यासाठी कोन टाळते? आला मोठा! पोरगी हाय घरात, तिच्यासाठी टाळते. निघ आता.

नारायणराव : मला काही कळेल असं बोलाल का कोणी?

गुलाबराव : लिहा, बाबूसाहेब. जुन्या गिऱ्हाईकाचा पुरावा. अठरा वर्षं झाली. पोळ्याची कर होती.

सोजराबाई : गुलाब!

गुलाबराव : बोलू द्या, काकू. सकाळची येळ. सगळ्या गल्लीत बैलाईचे रंगलेले शिंगं होते. मी या ओट्यावर आलो. मोतीकाका होते तवा.

नारायणराव : कोणता माल नेला?

गुलाबराव : दीड हात पांढरं कापड.

नारायणराव : एवढंच? बांबू, कामट्या, मडकं?

सोजराबाई : नाई लागत.

नारायणराव : का नाही लागत? साहेब विचारतील, माल अपुरा का.

सोजराबाई : बाबू, तुमाले लेकरं नाईत का? एवढुशाले बांबू लागत नाई. हातावर नेतेत.

नारायणराव : …माफ करा. मला कल्पना नव्हती. गुलाबराव, राहू द्या. इतकं पुरे. मी "एक रहिवासी" असं लिहून बघतो.

गुलाबराव : चालीन का तसं?

नारायणराव : खरं सांगायचं तर नाही. नावाशिवाय अर्ज परत येईल. आणि तुमचं नाव इथे लागलं की तुमची तक्रार निकाली निघते. हा परवाना मग कायमचा. बांबू इथेच राहतील, तुमच्या दारासमोर, जन्मभर.

गुलाबराव : राहू द्या. इतक्या वर्षांत मी बांबूकडे कधी पाह्यलंच नाई, बाबूसाहेब. मले या ओट्यावर ते कापड दिसते. बांबू उचलून नेले तरी ओटा इथंच राहीन.

सोजराबाई : परवा रविवार हाय तुह्या घरी. आजच्या दिवशी तरी नको घेऊ नाव. माह्या दारात नको.

गुलाबराव : कुठं घेऊ मंग? घरात तिची माय घेऊ देत नाई. शाळेत ती गेलीच नाई, हजेरीत नाव नाई. धाकटीले त माहीतबी नाई का तिले एक बहीण होती. मीच कधीकधी दुकानात एकटा असतो तवा मनात म्हणतो, अन् तवा कोनी गिऱ्हाईक आलं का सरकीचा भाव सांगाले लागतो. नगरपालिकेच्या कागदात तरी राहू द्या. लिहा, बाबूसाहेब. नेणारा गुलाबराव. जिच्यासाठी नेलं तिचं नाव मंजुळा.

नारायणराव : मंजुळा… वय?

गुलाबराव : चौदा महिने. चालाले लागली होती नुकतीच. भिताडाले धरून.

सोजराबाई : हळू लिवा, बाबू. अक्षर चांगलं काढा.